ट्रेलर ओढताना ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स थंड कसा ठेवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत पिकअपमागे कॅम्पर, बोट किंवा सामानाचा ट्रेलर लावून फिरणाऱ्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मापे मैल, पाउंड आणि फॅरनहाइटमध्येच ठेवली आहेत, कारण मॅन्युअलमध्ये आणि डॅशबोर्डवर तीच दिसतात. बहुतेक जण पहिला प्रश्न "कुठला कूलर (गिअरबॉक्सचे तेल थंड करणारा छोटा रेडिएटर) घेऊ?" असा विचारतात. माझा आग्रह असा की आधी उष्णता तयार कुठे होते ते समजून घ्या. ती तयारच कमी होऊ देणे हा पहिला उपाय, कूलर दुसरा.

१. गिअरबॉक्स तापतो म्हणजे नेमके काय तापते?

मुख्यतः त्यातले फ्लुइड, म्हणजे तेल, आणि ते तापते टॉर्क कन्व्हर्टरमध्ये. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचऐवजी हा कन्व्हर्टर असतो. आत दोन पंखे समोरासमोर असतात. इंजिनाने फिरणारा पंखा फ्लुइड जोरात फेकतो आणि त्या माऱ्याने दुसरा पंखा फिरतो. दोघांचा वेग कधीच अगदी सारखा नसतो. या फरकाला घसरण म्हणतात, आणि घसरणीत गेलेली शक्ती थेट फ्लुइडमध्ये उष्णता होऊन उतरते.

थोडे गणित करू. ट्रक आणि ट्रेलर मिळून १४,००० पाउंड, चढ ६ टक्के, वेग ताशी ४५ मैल. हवेचा आणि टायरांचा विरोध बाजूला ठेवला तरी नुसते वर चढायला सुमारे १०० हॉर्सपॉवर लागतात. त्यातले १० घसरणीत गेले तर ती साडेसात किलोवॅट उष्णता झाली. १५०० वॅटचे पाच रूम हीटर त्या बंद डब्यात एकदम लावल्यासारखेच. हेच फ्लुइड गिअरबॉक्सच्या आतल्या, गिअर धरून ठेवणाऱ्या क्लच प्लेटा दाबून धरते, गिअरना वंगण देते आणि उष्णताही वाहून नेते, म्हणून ते बिघडले की सगळेच बिघडते.

२. मग रोजच्या रिकाम्या गाडीत हे का होत नाही?

होते, पण थोडे. आणि कन्व्हर्टरमध्ये एक लॉक-अप क्लचही असतो. गाडी एका वेगावर स्थिर झाली की तो दोन्ही पंखे एकमेकांना जोडून टाकतो. मग घसरण जवळजवळ शून्य होते आणि तापमान खाली यायला लागते. ट्रेलर ओढताना चढावर गाडीला जास्त जोर लागतो, लॉक सुटतो, आणि सुटलेल्या अवस्थेत मैलच्या मैल काढले की तापमानाचा काटा वर जातो. या पानावरची निम्मी उत्तरे "लॉक टिकवा" एवढ्यावर येऊन थांबतात.

३. किती तापमान ठीक आणि कितीला थांबायचे?

पॅनमधले, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी फ्लुइड जमते त्या भांड्यातले, तापमान धरून सांगतो (सेन्सर कुठे आहे यावर आकडा बदलतो, त्यासाठी प्रश्न २१ पाहा). १७५ ते २०० अंश, म्हणजे साधारण ८० ते ९३ सेल्सिअस, ही निवांत जागा. लांब चढावर २२० पर्यंत जाऊन माथ्यावर पुन्हा खाली आले तर काळजी नाही. २४० च्या आसपास फ्लुइड विघटन पावून धातूवर वार्निशसारखा थर धरू लागते. २६० च्या पुढे रबरी सील कडक होतात, आणि त्याहून वर क्लच प्लेटा घसरू आणि जळू लागतात. तापमान दर २० अंशांनी वाढले की फ्लुइडचे आयुष्य निम्मे होते, असा मेकॅनिक लोकांचा जुना ठोकताळा आहे. तो काटेकोर नियम नाही, पण दिशा बरोबर दाखवतो.

माझी शिस्त अशी: २३० दिसले की वेग आणि गिअर बदलायचा, २५० दिसले की सुरक्षित जागा शोधून थांबायचे.

४. माझा नवीन १०-स्पीड ट्रक रिकामाच २००-२०५ दाखवतो. बिघाड आहे का?

बहुधा नाही. अलीकडच्या ८ आणि १० स्पीड गिअरबॉक्समध्ये थर्मोस्टॅट असतो आणि तो मुद्दाम फ्लुइड गरम ठेवतो. गरम फ्लुइड पातळ असते, त्याने इंधन वाचते. त्यासाठी फ्लुइडही वेगळे असते, उदाहरणार्थ फोर्डच्या १०आर८० मध्ये मर्कॉन यूएलव्ही. जुन्या ४-स्पीड ट्रकवाल्या मित्राचा १७० चा आकडा आपल्याला लावू नका. आपला ट्रक रिकामा असताना हायवेवर किती दाखवतो ते एकदा लिहून ठेवा आणि तुलना त्याच्याशी करा.

५. डॅशबोर्डवर ट्रान्समिशनचा काटाच नाही. काय करू?

आधी मेन्यू नीट चाळा. बऱ्याच पिकअपमध्ये तो आकडा स्टिअरिंगवरच्या बटणांनी दोन-तीन पडदे आत गेल्यावर सापडतो. नसेल तर ओबीडी पोर्टमध्ये (गाडीच्या कंप्युटरची माहिती वाचायच्या खाचेत) लावायचा ब्लूटूथ रीडर घ्या आणि फोनवर ॲप ठेवा. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना हा पोर्ट असतोच, स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ. मात्र ट्रान्समिशनचे तापमान प्रत्येक कंपनी वेगळ्या कोडवर देते, म्हणून आपल्या मॉडेलला चालणारे ॲप आहे ना हे घेण्याआधी बघा.

नुसत्या काट्यापेक्षा आकडा बरा. अनेक गाड्यांत काटा मोठ्या पट्ट्यात मध्यावरच बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

६. टो-हॉल बटण दाबायचे की नाही? पेट्रोल जास्त जाते म्हणतात.

दाबायचे. हे बटण गिअर बदलण्याची वेळ पुढे ढकलते, वरच्या गिअरमध्ये उगाच उडी मारू देत नाही, कन्व्हर्टर लवकर लॉक करते आणि बऱ्याच ट्रकमध्ये उतारावर ब्रेक दाबताच खालचा गिअर घेऊन इंजिनाचा ब्रेक लावते. इंजिनाचा आवाज वाढतो, आरपीएम वर दिसतात, म्हणून लोक घाबरून ते बंद करतात. ३,५०० आरपीएमला फिरणारे इंजिन त्रासात नसते. १,७०० आरपीएमवर लॉक सोडून धापा टाकणारा गिअरबॉक्स त्रासात असतो. सपाट रस्त्यावर हलका ट्रेलर असेल तर नाही लावले तरी चालेल.

७. छोट्या छोट्या चढांवर गिअर सारखा वर-खाली होत राहतो. हे वाईट आहे का?

वाईट आहे, आणि टाळता येण्याजोगे आहे. प्रत्येक वेळी गिअर बदलताना आतल्या क्लच प्लेटा क्षणभर घासतात आणि लॉक-अपही सुटतो. मिनिटाला तीनदा हे झाले की उष्णता साठत जाते. मॅन्युअल मोड किंवा रेंज सिलेक्ट वापरून वरचे एक-दोन गिअर बंद करा, म्हणजे गाडी एकाच गिअरमध्ये बसेल. जीएमच्या ४एल६०-ई किंवा फोर्डच्या ई४ओडी सारख्या जुन्या ४-स्पीड गिअरबॉक्समध्ये जड ट्रेलरला ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा, चौथा गिअर) बंद ठेवा आणि तिसऱ्यातच चालवा. त्या पिढीतले कितीतरी गिअरबॉक्स ओव्हरड्राइव्हमध्ये ट्रेलर ओढून निकामी झाले आहेत.

क्रूझ कंट्रोलही याच कारणासाठी डोंगरी रस्त्यावर बंद करावा. तो ठरलेला वेग राखायला जोर लावतो, माणूस मात्र चढावर पाच मैल वेग सोडून देऊ शकतो.

८. कन्व्हर्टर लॉक झाला आहे हे चालवताना कळते का?

कळते, थोडा सराव लागतो. सपाट रस्त्यावर ५५ च्या स्थिर वेगाला टॅकोमीटरवर नजर ठेवा. ॲक्सलरेटर अगदी किंचित जास्त दाबा. वेग तसाच राहून आरपीएम दोनशे-तीनशेने उडाले तर लॉक नाही. आरपीएम आणि वेग हातात हात घालून चढले तर लॉक आहे. दुसरी खूण म्हणजे लॉक होताना गिअर बदलल्यासारखा एक हलका झटका येतो आणि आरपीएम थोडे उतरतात, पण गिअरचा आकडा तोच राहतो. नव्या गाड्यांत हे इतके अलगद होते की आरपीएमवरच भरवसा ठेवावा.

९. किती वेगाने जावे? टेक्सासमध्ये सगळे ७५ ने जातात.

ज्यांना ७५ ने जायचे त्यांना जाऊ द्या. हवेचा विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ६५ वरून ७५ ला गेलात की ती दीडपटीहून जास्त होते. आठ फूट रुंद, दहा फूट उंच कॅम्परची भिंत ओढताना हा हिशेब फार महाग पडतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावलेल्या गाडीला कायद्यानेच ५५ ची मर्यादा आहे, आणि ट्रेलरचे बरेच टायर ६५ साठीच बनवलेले असतात. मोठ्या कॅम्परला सपाटीवर ६० ते ६५ हा माझ्या मते योग्य वेग.

१०. ब्रोशरमध्ये १०,००० पाउंड ओढतो असे लिहिले आहे. माझा कॅम्पर ७,००० चा आहे. मग कशाची काळजी?

तो आकडा हवेतला नसतो. एसएई जे२८०७ नावाचा मानक चाचणी-नियम आहे, आणि टोयोटाने तो सर्वात आधी, २०११ च्या मॉडेलांपासून पाळला. त्यातली एक चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर होते: बुलहेड सिटीकडून गोल्डन व्हॅलीकडे जाणारा रस्ता, ११ मैलांहून थोडा लांब, जवळपास ३,००० फूट चढ, बाहेर किमान १०० अंश, एसी पूर्ण जोरात. मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक असलेल्या पिकअपने तिथे ४० च्या खाली यायचे नाही आणि काही निकामीही व्हायचे नाही.

पण तो ट्रक नवा असतो, फ्लुइड ताजे, रेडिएटरच्या जाळीत किडे आणि धूळ नाही, आत माणसे आणि सामान मोजके. आपल्याकडे मागे दोन मुले, आजी-आजोबा, ट्रकच्या मागच्या हौद्यात जनरेटर आणि कूलबॉक्स, वर पाण्याची टाकी भरलेली. ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाची मर्यादा वेगळी असते, ती बघा. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर एकदा सगळे भरून वजन करा. काही डॉलरमध्ये काम होते आणि पावती हातात मिळते. कॅम्परच्या ब्रोशरमधले वजन हे रिकाम्या कॅम्परचे असते.

११. माझ्या ट्रकला कूलर आधीच आहे का, ते कसे बघू?

जवळपास सगळ्या ऑटोमॅटिक पिकअपना एक कूलर असतोच, रेडिएटरच्या बाजूच्या टाकीच्या आत. तो दिसत नाही. टो पॅकेज (ट्रेलर ओढण्यासाठी कंपनीने दिलेली जादा सामग्री) घेतले असेल तर बहुधा दुसराही असतो, हवेने थंड होणारा. टॉर्च घेऊन पुढच्या जाळीतून आत बघा. एसीच्या मोठ्या कंडेन्सरसमोर एक छोटा चौकोनी रेडिएटरसारखा भाग आणि त्याला दोन नळ्या दिसतील. काही गाड्यांत तो पॉवर स्टिअरिंगचा किंवा इंजिन ऑइलचाही असू शकतो, म्हणून नळ्या कुठे जातात ते शोधा.

१२. वेगळा कूलर लावायचा असेल तर कुठला आणि कसा?

आधी प्रश्न ६ ते ९ मधल्या गोष्टी करून बघा. वजन मर्यादेत असून, वेग आणि गिअर सांभाळूनही २३० च्या वर जात असेल तर कूलर नक्की लावा.

दोन प्रकार बाजारात जास्त मिळतात. एकात नळी नागमोडी फिरते आणि तिला पंख जोडलेले असतात. हा स्वस्त. दुसऱ्यात चपट्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. तेवढ्याच जागेत हा जास्त उष्णता टाकतो, आणि थंडीत फ्लुइड घट्ट असले तरी प्रवाह अडत नाही. जड ट्रेलरला मी दुसराच सुचवतो. जागेत बसेल त्यातला मोठा घ्या.

जागा कंडेन्सरच्या पुढे, जिथे चालत्या गाडीचा वारा थेट लागतो. कूलर प्लास्टिकच्या टायने जाळीतून आरपार बांधायची पद्धत टाळा, हादऱ्याने तो टाय पंख आणि शेवटी नळी कापतो. छोटा लोखंडी ब्रॅकेट करून घ्या. पाइप ट्रान्समिशन फ्लुइडसाठीच बनवलेला हवा. पेट्रोलचा पाइप इथे लावू नका. क्लॅम्प नळीच्या उंचवट्याच्या मागे घट्ट आवळा.

क्रम असा ठेवा: गिअरबॉक्समधून गरम फ्लुइड आधी रेडिएटरमधल्या कूलरला, तिथून नव्या कूलरला, मग परत. कुठली नळी परतीची हे ओळखायला थंड गाडी सुरू करून मिनिटभराने दोन्हींना हात लावून बघा. आधी गरम होते ती गिअरबॉक्समधून बाहेर येणारी. काम झाल्यावर थोडे फ्लुइड जास्त लागेल, पातळी पुन्हा तपासा (प्रश्न १६).

१३. रेडिएटरमधला कूलर काढूनच टाकावा का? आत पाणी शिरते असे ऐकले.

शिरू शकते. रेडिएटरच्या टाकीतला कूलर आतून फुटला की कूलंट आणि फ्लुइड एकमेकांत मिसळतात. कूलंटच्या बाटलीत किंवा डिपस्टिकवर गुलाबी, दुधाळ फेस दिसला की गाडी जागच्या जागी बंद करायची, टो ट्रक बोलवायचा. कूलंटने क्लच प्लेटांवरचे अस्तर सुटते आणि गिअरबॉक्स वाचत नाही. निसान फ्रंटियर, एक्सटेरा आणि पाथफाइंडरच्या २००५ ते २०१० च्या गाड्यांत ही तक्रार इतकी आली की कंपनीने रेडिएटरची वॉरंटी वाढवली. त्या गाड्यांपैकी जुनी गाडी घेतली असेल तर रेडिएटर बदला किंवा तो कूलर वगळून वेगळा लावा.

बाकी ट्रकमध्ये मी तो तसाच ठेवतो. हिवाळ्यात तो फ्लुइडला उलट ऊब देतो, आणि ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असताना, वारा नसताना, कूलंटकडे उष्णता टाकायला तोच उपयोगी पडतो.

१४. आम्ही मिनेसोटात आहोत. फ्लुइड फार थंडही राहू शकते का?

राहू शकते. थंड फ्लुइड घट्ट असते, गिअर जड पडतात आणि कंप्युटर कन्व्हर्टरला लॉकच होऊ देत नाही. म्हणजे जास्त कूलिंगने शेवटी घसरणच वाढली. आत जमलेला ओलावाही उडून जात नाही. वेगळ्या कूलरसोबत थर्मोस्टॅटचा बायपास बसवा, फ्लुइड १८० च्या आसपास आल्यावरच तो कूलरकडे वाट मोकळी करतो. हिवाळ्यात पुठ्ठ्याने कूलर झाकणारे लोक आहेत. चालते, फक्त उन्हाळ्यात काढायला विसरू नका.

१५. खोल पॅन लावला तर कूलर नको ना?

खोल पॅनमध्ये एक-दोन क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) फ्लुइड जास्त मावते, त्यामुळे तापायला वेळ लागतो. थंड व्हायलाही तेवढाच वेळ लागतो. कूलरची जागा तो घेत नाही.

१६. फ्लुइड कधी बदलायचे? डीलर म्हणतो आयुष्यभराचे आहे.

ट्रेलर ओढणाऱ्याने तो शब्द विसरावा. मॅन्युअलमध्ये कठीण वापराचा वेगळा तक्ता असतो आणि ट्रेलर ओढणे त्यात येतेच. तो तक्ता पाळा. साधारण ३०,००० ते ५०,००० मैलांना बदलणे जड ट्रेलरवाल्यांसाठी शहाणपणाचे. एकदा २६० च्या वर गेले असेल तर मैल मोजत बसू नका, बदलून टाका.

फ्लुइड नेमके मॅन्युअलमधलेच घाला. फोर्डच्या ६आर८० ला मर्कॉन एलव्ही, १०आर८० ला मर्कॉन यूएलव्ही, जीएमच्या ६एल८० ला डेक्स्रॉन ६, रॅमच्या ६८आरएफई ला एटीएफ+४. "सगळ्यांना चालणारे" असे लिहिलेली बाटली मी वापरत नाही.

पातळी गरम अवस्थेत बघायची. बहुतेक ट्रकमध्ये इंजिन चालू आणि गिअर पार्कमध्ये ठेवून, काहींत न्यूट्रलमध्ये. डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत खालून एक बोल्ट असतो आणि तो ठरलेल्या तापमानालाच उघडायचा असतो. कमी फ्लुइड वाईट, पण जास्तही वाईट. फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, आणि फेस ना दाब देतो ना उष्णता वाहतो. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून बघा. लाल किंवा फिकट तपकिरी ठीक. काळपट आणि करपल्याचा वास म्हणजे क्लच प्लेटा जळल्या आहेत.

१७. तापमान वर गेले. इंजिन बंद करू का?

लगेच नको. बंद केले की पंपही थांबतो आणि गरम फ्लुइड आत तसेच पडून राहते. रस्त्याच्या सुरक्षित कडेला या, पार्कमध्ये घाला, आरपीएम १,२०० ते १,५०० च्या आसपास ठेवा आणि पाच-दहा मिनिटे थांबा. आकडा उतरताना दिसेल. फ्लुइड गळत असेल, धूर असेल किंवा कूलंटही तापले असेल तर मात्र ताबडतोब बंद.

अपवाद जुन्या डॉजचा. त्या ट्रकांतल्या काही गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये असताना फ्लुइड कन्व्हर्टर आणि कूलरकडे जातच नाही. तिथे हँडब्रेक नीट ओढून, चाकांना अडण्या लावून न्यूट्रलमध्ये ठेवावे लागते.

थांबल्यावर पुन्हा निघताना चढावर ॲक्सलरेटरने गाडी तोलून धरू नका, ब्रेकवर धरा. उभ्या गाडीत ॲक्सलरेटर दाबला की इंजिनाची सगळी शक्ती फ्लुइड तापवण्यातच जाते.

१८. बोट रॅम्पवरून वर काढताना आणि ड्राइव्हवेत ट्रेलर मागे घालताना काटा झपाट्याने वर जातो. का?

रिव्हर्समध्ये लॉक-अप नसतो, वेग नसल्याने वारा नसतो आणि भार पूर्ण असतो. चढाच्या ड्राइव्हवेत कॅम्पर मागे सरकवत पाच मिनिटे घालवली तर घाटात जेवढे तापते त्याहून लवकर तापते. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर लो रेंज (कमी वेगाची, जास्त जोराची गिअरची जोडी) लावा. त्याच वेगाला इंजिन जास्त फिरते, कन्व्हर्टरवरचा भार खूप कमी होतो आणि ट्रेलर इंचाइंचाने हलवता येतो. कोरड्या सिमेंटवर लो रेंजमध्ये तीव्र वळण टाळा, चाके एकमेकांना अडतात. काही ट्रकांत लो रेंज असूनही फक्त मागची चाके चालवायची सोय असते, असेल तर तीच वापरा.

१९. लास व्हेगासला जाताना "एसी बंद करा" अशी पाटी दिसते. खरेच करायचा?

ती पाटी आय-१५ वर बेकरच्या पुढच्या चढावर आहे. बेकरमध्ये १३४ फूट उंच थर्मामीटर उभा आहे, १९१३ मध्ये डेथ व्हॅलीत नोंदल्या गेलेल्या १३४ अंशांच्या आठवणीसाठी. एसीचा कंडेन्सर त्याच जागेत उष्णता टाकतो जिथून कूलर आणि रेडिएटर वारा घेतात. चांगल्या स्थितीतला नवा ट्रक एसी चालू ठेवून चढतो (प्रश्न १०). जुना ट्रक, जड ट्रेलर आणि चढता काटा असेल तर एसी बंद करा, वेग ४५ पर्यंत आणा. गाडीत लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर उन्हाळ्यात हा टप्पा पहाटेच ओलांडा, हाच खरा उपाय.

कोलोरॅडोत अडचण वेगळी. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे आणि डिलनकडून त्याकडे जाताना सुमारे आठ मैल चढ ७ टक्क्यांपर्यंत जातो. तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने तीस टक्क्यांनी विरळ, म्हणजे कूलरलाही तेवढी कमी हवा. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के शक्ती गमावते. ट्रक हळू चढेल. उजव्या लेनमध्ये राहा आणि खालच्या गिअरमध्ये एकसारखे चढा.

२०. उतारावरही गिअरबॉक्स तापतो का?

थोडा. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा ब्रेक लावताना कन्व्हर्टर लॉक असेल तर फार नाही, आणि तिथे ब्रेक वाचवणे जास्त महत्त्वाचे. चढताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्या जवळपासच्याच गिअरमध्ये उतरा.

२१. माझ्या आणि मित्राच्या ट्रकमध्ये त्याच चढावर ४० अंशांचा फरक दिसतो. कोणाचा सेन्सर खराब आहे?

कदाचित कोणाचाच नाही. एकाचा सेन्सर पॅनमध्ये असेल, जिथे थंड होऊन परत आलेले फ्लुइड जमते. दुसऱ्याचा कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या नळीवर असेल, जिथे फ्लुइड सगळ्यात गरम असते. कन्व्हर्टर लॉक नसताना या दोन जागांत ५० अंश किंवा त्याहूनही जास्त फरक पडतो. बाहेरून गेज बसवून घेणार असाल तर पॅनमध्येच बसवा, म्हणजे प्रश्न ३ मधले आकडे लागू पडतील. बाहेर पडणाऱ्या नळीवर क्षणभर २५० दिसणे वेगळे आणि पॅनमध्ये २५० दिसणे वेगळे.

२२. गिअरबॉक्स दुरुस्त करून घेतला. जुना कूलर तोच ठेवला तर चालेल?

टाळा. जुना गिअरबॉक्स जळताना धातूचा कीस आणि क्लचचा भुगा कूलरमध्ये जाऊन बसतो आणि नव्या गिअरबॉक्समध्ये परत येतो. पट्ट्या रचलेला कूलर धुऊनही पूर्ण साफ होत नाही. नवा कूलर लावा, रेडिएटरमधला कूलर आणि नळ्या दाबाने धुऊन घ्या, परतीच्या नळीवर चुंबकाचा छोटा फिल्टर बसवा. दुरुस्तीच्या बिलापुढे हा खर्च नगण्य आहे, आणि बरीच दुकाने नवा कूलर लावल्याशिवाय वॉरंटीच देत नाहीत.

२३. सीव्हीटी गिअरबॉक्सच्या एसयूव्हीला हे सगळे लागू आहे का?

उष्णतेचा भाग लागू आहे, लॉक-अपची युक्ती तितकी नाही. सीव्हीटीत ठरलेले गिअर नसतात, पट्टा किंवा साखळी दोन पुलींमध्ये घट्ट दाबून धरलेली असते, आणि फ्लुइड तापले की तिची पकड कमी होऊ लागते. तापमान वाढले की गाडी स्वतःच शक्ती कमी करते, आणि हे घाटाच्या मधोमध झाले तर मागे ट्रकांची रांग लागते. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या वजनाच्या बरेच खाली राहा. सीव्हीटीला बाहेरून कूलर लावण्याआधी डीलरला विचारा.

२४. पुण्याहून विचारतोय. आमच्या ऑटोमॅटिक हायलक्सला खंबाटकी किंवा आंबेनळी घाटात हीच काळजी घ्यायची का?

टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉसच्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये टॉर्क कन्व्हर्टरच असतो, त्यामुळे तत्त्व तेच. माल भरून घाट चढताना मॅन्युअल मोडमध्ये एकच गिअर धरून ठेवा, वळणावळणाला गिअर बदलू देऊ नका. घाटात ट्रॅफिक अडकले तर गाडी ब्रेकवर धरा, ॲक्सलरेटरवर नव्हे. एएमटी गाड्यांचे गणित मात्र वेगळे आहे. त्यांत कन्व्हर्टर नसतो, साधाच क्लच मशीनने चालतो, म्हणून चढावर रेंगाळत सरकताना फ्लुइड नाही तर क्लच प्लेट जळते. अशा गाडीने पुढच्या गाडीत थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदम पुढे जावे.